अर्ध्या पगाराची काज-बटणं

माझ्या हातांनी लावलेलं बटण भर कोर्टात, युक्तिवाद ऐन रंगात आलेला असताना, वकिलाच्या छातीवरून उडालं आणि थेट न्यायाधीशांच्या पाण्याच्या ग्लासात जाऊन पडलं. सांगायला सुरुवात इथूनच करतो. कारण ह्याच्या आधीचं आधी सांगितलं तर तुम्ही मला चोर समजाल, आणि नंतरचं आधी सांगितलं तर गाढव. मला गाढव परवडतं, पण आपलं ओळीने आलेलं बरं.

मी कोर्टात नाझर. म्हणजे खटल्यांत जप्त झालेल्या वस्तू ज्या खोलीत ठेवतात, त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. चाकू, कुऱ्हाडी, खोट्या नोटा, सायकली, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, प्रत्येकीची नोंद. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती उभं आयुष्य रोज चढलो, ह्यावरून काय ते ओळखा. पण माझ्या खोलीतली टाचणीसुद्धा कधी इकडची तिकडे झाली नाही. आणि मग ते घड्याळ आलं.

चोरीच्या खटल्यातलं, भिंतीवरचं, लंबकाचं घड्याळ. आमच्या खोलीतलं सरकारी घड्याळ बंद पडून जमाना झालेला. नवं द्या म्हणून अर्ज करकरून माझी बोटं झिजली होती. मी म्हटलं, कपाटात पडून गंजण्यापेक्षा चालतं राहिलं तर वस्तूचंच भलं! टांगलं माझ्या डोक्यावर. रोज किल्ली देत होतो, फडक्याने पुसत होतो, सख्ख्या आजोबांची सेवा केली नसेल अशी सेवा. एक दिवस ज्याचं घड्याळ चोरीला गेलं होतं तो फिर्यादीच तारीख विचारायला खोलीत आला. त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

आता इथे माणसाने गप्प बसावं, पाणी विचारावं, खोकावं तरी. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! मी अकलेचा कांदा म्हणालो, "अरे वा! फार छान वेळ दाखवतं हो."

त्याच आठवड्यात माझं निलंबन झालं.

निलंबित माणूस ही एक चमत्कारिक चीज असते. नोकरी असते, पण जायचं नसतं. पगार असतो, पण अर्धा, आणि त्याला पगार म्हणायचं नाही, निर्वाह भत्ता म्हणायचं. आणि हा अर्धा मिळावा म्हणून दर महिन्याला लिहून द्यायचं, की ह्या महिन्यात मी कुठेही नोकरी, धंदा, व्यवसाय किंवा काम केलेलं नाही. थोडक्यात काय, पैसे अर्धे आणि बंदी पुरी. कोर्टाच्या फाटकासमोर आमचा एक जुना बेलिफ चहाची टपरी चालवतो. लाच घेताना सापडला, शिक्षा झाली. ज्या दिवशी शिक्षा झाली त्या दिवसापासून त्याचा भत्ता साफ बंद. तो मला चहा देत म्हणाला, "नाझर, निलंबित झालास तर अर्धा, शिक्षा झाली तर शून्य. मेलास तर बायकोला पेन्शन. सगळ्यात फायद्यात मेलेला! पण तू आपला अर्धा सांभाळ बाबा. माझ्यासारखी टपरी टाकायचीसुद्धा तुला सोय नाही." आणि शिक्षा झालेल्या त्या माणसाने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत, इतकी माझी दया आली त्याला. मी तो फुकटचा चहा प्यायलो, हेही सांगून टाकतो.

तर मी घरी बसलो. पहिले काही दिवस वेळेवर उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचो आणि समोरच्या भिंतीकडे बघायचो. भिंतीवर काही नव्हतं. नुसता एक खिळा होता.

"काय बघताय?" बायको विचारायची.

"काही नाही."

"मग निदान दुसरीकडे बघा. खिळ्याला नजर लागेल."

बायकोची ओळख करून द्यायची राहिली. ती वकिलांचे काळे कोट शिवते. आधी हौसेने दोन-चार शिवायची, माझा पगार अर्धा झाल्यावर खोलीभर शिवायला लागली. मशीन खिडकीशी, कापायचं टेबल मधे, आणि दोरीवर हँगरला लटकलेले बिनबाह्यांचे, बिनबटणांचे कोट. मी त्या कोटांच्या रांगेत बसलेला. कोर्टात असल्यासारखंच वाटायचं, फक्त हे वकील तोंड मिटून होते.

आणि एका संध्याकाळी तिने माझ्या हातात एक कोट आणि सुई दिली. "एवढं बटण लावता का जरा? माझे डोळे दुखतायत."

मी लावलं. तिने ते उजेडात नेऊन उलटंपालटं करून पाहिलं, बोटाने जरा ओढून पाहिलं आणि "हं" म्हणाली. आता आमच्या घरात "हं" म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला माहीत नाही. लग्नानंतर मी तिला पहिली साडी आणली होती तेव्हासुद्धा "हं"पर्यंत मजल गेली नव्हती. मी लगेच दुसरा कोट ओढला.

महिनाभरात मी काज-बटण खात्याचा प्रमुख झालो. निदान माझी तशी समजूत होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं तिचं अंगुस्तान मला बसेना, म्हणून मी माझं वेगळं आणलं. काजं कापायला लागलो, काजांच्या कडा गुंफायला लागलो. एकदा कोट मांडीवर घेऊन अशा तल्लीनतेने बटण लावलं की उठलो तो कोट माझ्याबरोबर उठला. गुडघ्याशी पँटला शिवला गेला होता. पण असं कलावंतांचं होतं. मी गुणगुणायला लागलो होतो. तिला सल्ले द्यायला लागलो होतो. "काज असं नाही गं कापायचं, जरा तिरकं." ती मशीन चालवत राहायची. मशीनच्या आवाजात माझा सल्ला ऐकू येत नसेल, असं मी समजायचो.

रोज सकाळी मी फिरायला जातो. मी निलंबित झालो तरी माझी तब्येत थोडीच निलंबित झाली होती! परत येईपर्यंत हिने आदल्या दिवशीचे कोट इस्त्री करून दोरीला लावलेले असायचे. मी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोरून फिरायचो. काय ती काजं! एकसारखी, घट्ट, कडा कशा रेखलेल्या. संध्याकाळी लावलेली बटणं सकाळी आणखीच देखणी दिसायची. मला वाटायचं, दिवसाच्या उजेडाचा फरक असतो.

महिन्याचा तो कागद मी बिनदिक्कत लिहून देत होतो. कुठलंही काम केलेलं नाही. खोटं काय त्यात? बायकोच्या हाताखाली दोन टाके घातले तर ते काय काम झालं? आणि पैसे तिचे, गिऱ्हाईक तिचं. मी आपला कलेसाठी कला करत होतो.

मग एक दिवस दुपारी 'तोफ' आला. तोफ म्हणजे आमच्या कोर्टातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा वकील. मनाने चांगला, पण हळू बोलणं हा प्रकार त्याला जन्मतः दिलेलाच नाही. त्याचा कोट दुसऱ्या दिवशी मिळणार होता, पण त्याला घाई होती आणि ही अस्तराचं कापड आणायला बाजारात गेली होती. शेवटचं बटण नुकतंच लावून, दोरा दातांनी तोडून मी कोट बाजूला ठेवलेला. मी म्हटलं, घेऊन जा की! आणि जाताना वर सांगितलं, "काज-बटण माझ्या हातचं आहे बरं का. बघा, आयुष्यभर हलायचं नाही."

ही घरी आली. "तोफेचा कोट कुठाय?"

"नेला त्यांनी."

"नेला?" तिच्या हातातली पिशवी तिथेच राहिली. "अहो, कुणाला विचारून दिलात?"

"त्यात काय विचारायचं? झाला होता की." मला जरा रागच आला. खातेप्रमुखाला इतपत अधिकार असायला नको?

आयुष्यभर न हलणारं ते बटण दुसऱ्याच दिवशी हललं. तोफेने आपल्या अशिलाच्या निरपराधपणाबद्दल छाती ठोकून सांगितलं, अगदी खरोखरची ठोकली, आणि बटण ग्लासात. कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी पेन्सिलीने बटण बाहेर काढलं आणि विचारलं, "कुठल्या शिंप्याकडे शिवता हो वकीलसाहेब?"

आणि तो भला माणूस आपल्या त्या आवाजात म्हणाला, "आपल्या नाझरांकडे, साहेब! निलंबित आहेत ना, घरी बसून काज-बटण करतात!"

सगळे पुन्हा हसले. एक माणूस हसला नाही, तो म्हणजे आमचा हेडक्लार्क. त्याला आम्ही आक्षेपराव म्हणतो, कारण कुठल्याही कागदावर आक्षेप काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. दोन दिवसांत घरी नोटीस आली. निलंबनकाळात आपण शिवणकामाचा व्यवसाय करत असल्याचे आढळले आहे. आपला निर्वाह भत्ता का बंद करू नये, आणि आजवर दिलेला का वसूल करू नये, ह्याचा खुलासा करावा.

मी नोटीस वाचली, आणि खरं सांगतो, पुन्हा पहिल्यापासून वाचली. भत्ता बंद झाला तर घरभाडं बंद. वसुली लागली तर घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती खिडकीशी होती आणि हिचा पाय तिच्यावर होता. घड्याळाने माझी अर्धी नोकरी नेली होती, आता माझ्या कलेपायी हिचं मशीन जाणार होतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"आता काय?" मी म्हटलं.

तिने नोटीस वाचली, घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवली. "मी येते साक्षीला," ती म्हणाली. "तुम्ही फक्त एक करा. तोंड उघडू नका."

चौकशी कोर्टाच्या मागच्या खोलीत होती. चौकशी अधिकारी म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, जाडजूड, शांत. एका बाजूला फायली घेऊन आक्षेपराव. कोपऱ्यात टाइपरायटरवर टायपिस्ट. टेबलाच्या मधोमध एका पाकिटात, चिठ्ठी लावून, माझं बटण. मुद्देमाल! इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या; आता माझ्याच बटणाला लागली होती. चिठ्ठी नीट चिकटवलीसुद्धा नव्हती. मी असतो तर नीट चिकटवली असती.

हिने शपथ घेतली आणि उभी राहिली. कोर्टात पहिल्यांदाच येत होती, पण टेबलावर कापड मांडल्यासारखी सहज.

"बाई," आक्षेपरावांनी विचारलं, "तुमचे यजमान तुमच्या शिवणाच्या धंद्यात काम करतात, हे खरं आहे का?"

"काम?" ती म्हणाली. "साहेब, काम केलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते."

टायपिस्ट थांबली. चौकशी अधिकाऱ्यांनी हाताने 'लिहा, लिहा' केलं.

"ह्यांच्या हातात सुई दिली की दोरा इतका लांब घेतात की खुर्चीच्या पायाला वेढा बसतो. काज कापतात ते एवढं, की त्यातून बटण काय, बटाटा जाईल. आणि नाहीतर इतकं छोटं की श्वास जाणार नाही. बटण लावतात ते लंगडतं. एकदा तर कोट स्वतःच्या पँटला शिवून घेतला आणि तसेच उभे राहिले. गुडघ्याला वकील लटकल्यासारखे दिसत होते."

खोली हसली. माझे कान तापले. पँटची गोष्ट चारचौघांत सांगायची होती का? पण बाकीचं? बटाटा? माझी काजं? ती सकाळच्या उन्हात रेखल्यासारखी दिसणारी माझी काजं? माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो.

"साहेब, माझा आक्षेप आहे!"

"तुमचा?" चौकशी अधिकारी म्हणाले. "साक्षीदार तुमच्याच बाजूची आहे ना?"

"असली म्हणून काय झालं? इतके कोट गेले माझ्या हातचे! अर्धं कोर्ट माझी बटणं लावून फिरतंय! पडलं ते एक. एक! आणि ते तोफेच्या छातीवरचं. त्या छातीवर खिळा ठोकला तरी तो उडेल. विचारा कुठल्याही वकिलाला, बटण सैल आहे का म्हणून!"

आक्षेपरावांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की त्याला बढती मिळाली तेव्हासुद्धा इतका दिसला नव्हता. "लिहून घ्या," तो टायपिस्टला म्हणाला. "इतके कोट गेले माझ्या हातचे. अर्धं कोर्ट."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, दूध उतू जाताना माणूस गॅसकडे बघतो तशी.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "ह्यांच्या हातचा एकच कोट बाहेर गेला. तो हा, बटण उडालेला. मी घरात नव्हते आणि ह्यांनी परस्पर देऊन टाकला. बाकीचे सगळे मी रोज सकाळी उसवते आणि पुन्हा करते. हे फिरायला जातात ना, तेव्हा. ह्यांची मदत म्हणजे मला दुप्पट काम. नफा सोडाच, दोऱ्याचा खर्च वाढलाय."

आणि मी मनात थक्क झालो. काय खोटं बोलते ही! आयुष्य कोर्टात गेलं माझं. कसलेले साक्षीदार पाहिले, पढवलेले पाहिले, पण एका खऱ्याला चार खोटी जोडून इतकं गुळगुळीत कापड विणणारा एकही पाहिला नाही. पँटची गोष्ट खरी, म्हणून सगळंच खरं वाटायचं. आणि फिरायला जातो ते कसं चपखल बसवलं! शपथ घेऊन, नवऱ्यासाठी, डोळ्याची पापणी न हलवता. मला तिचा फार अभिमान वाटला. मी खाली बसलो आणि तोंडाला कुलूप लावलं.

पण आक्षेपराव तो आक्षेपराव. "साहेब, हे पत्नीचं म्हणणं. पुरावा काय?"

चौकशी अधिकाऱ्यांनी उठून स्वतःचा कोट काढला आणि टेबलावर ठेवला. "हे खालचं बटण कित्येक महिने लोंबतंय. नाझर, लावून दाखवा. बाई, सुईदोरा आहे?"

हिच्या पर्समध्ये नेहमीच असतो. तिने सुई माझ्या हातात दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आता माझी खरी परीक्षा आली. बटण चांगलं लावलं तर कारागीर ठरणार आणि भत्ता जाणार, हिचं मशीन जाणार, वर बायको शपथेवर खोटं बोलली हे ठरणार. वाईट लावलं तर चारचौघांत नाक कापलं जाणार. आणि माझ्या नाकाची मला किती काळजी आहे, ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. सुई हातात घेऊन मी बसून राहिलो. मग खिडकीतल्या मशीनची आठवण झाली, त्याच्यावरच्या हिच्या पायाची आठवण झाली, आणि मी ठरवलं: गेलं नाक खड्ड्यात. आज वाईट लावायचं. मन लावून वाईट लावायचं.

सोपं नाही हो ते. घरी जे जे करतो, त्याच्या बरोब्बर उलट करत गेलो. घरी दोरा हातभर घेतो, इथे वीतभर घेतला. घरी टाके भराभर सगळीकडून मारतो, इथे मुद्दाम रेंगाळत, एकाच भोकातून पुन्हापुन्हा. घरी शेवटी दोरा दातांनी तोडतो, इथे तीन गाठी मारल्या, हिच्या कात्रीने कापला. प्रत्येक टाक्याला माझ्यातला कलावंत मरत होता. शेवटी कोट पुढे केला. मान खाली.

चौकशी अधिकाऱ्यांनी कोट चढवला. बटण लावलं, ते जरा वाकडं, पण लागलं. मग चष्मा घ्यायला त्यांनी खिशात हात घातला. हात जाईना. दुसऱ्यांदा घातला. खिशाचं तोंड बटणाच्या टाक्यांत शिवलं गेलं होतं.

हे मात्र मी मुद्दाम केलं नव्हतं. पण तेव्हा मला वाटलं, आपली बुद्धी अंतर्मनातूनसुद्धा काम करते.

खोलीत असा हशा उठला की बाहेरून शिपाई डोकावला. आक्षेपरावसुद्धा फाइल तोंडापुढे धरून हलत होता. हिने उठून कात्रीच्या टोकाने टाके उसवले आणि बोलता बोलता बटण लावून दिलं. चौकशी अधिकाऱ्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळे पुसले आणि टायपिस्टला सांगितलं, "लिहा. संबंधित कर्मचाऱ्याचे शिवणकाम प्रत्यक्ष पाहिले. ते कोणत्याही व्याख्येनुसार काम, व्यवसाय वा धंदा ठरू शकत नाही. त्यापासून कोणालाही कसलाही लाभ होणे संभवत नाही. निर्वाह भत्ता पूर्ववत चालू ठेवावा."

घरी येताना मी हवेत होतो. भत्ता वाचला, मशीन वाचलं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हटलं, "अगं, काय साक्ष दिलीस! मानलं तुला! मी जर न्यायाधीश असतो ना, तर मीसुद्धा फसलो असतो."

ती टेबलावर कापड पसरत होती. "फसलो म्हणजे?"

"ते उसवून पुन्हा करते वगैरे! फिरायला जातो तेव्हा! काय डोकं चालवलंस! आणि मीही काही कमी नाही. कळलं ना तुला, ते बटण मी मुद्दाम वाईट लावलं? जीव तुटत होता माझा, पण तुझ्यासाठी लावलं."

तिचा खडू कापडावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की मला वाटलं हिला आता हसू येणार. पण ती हसली नाही.

"मुद्दाम वाईट लावलंत?"

"मग!"

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला तर वाटलं, आज तुम्ही जीव ओतून लावताय. खिशाचं सोडा. पण बटण म्हणून बघितलं तर तुमच्या हातचं आजवरचं सगळ्यात बरं बटण होतं ते."

मी खुर्चीत बसलो. समोरच खिळा होता. सकाळच्या उन्हातली ती रेखलेली काजं एकेक करून डोळ्यांसमोरून गेली, आणि प्रत्येक जाताना माझ्याकडे बघून हसली. उजेडाचा फरक म्हणे! मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"म्हणजे तू शपथेवर एकही..."

"एकही शब्द खोटा बोलले नाही. मला येतं कुठे खोटं बोलायला?"

"आणि ते 'हं'?"

"आता 'हं' म्हटलं तर काय चूक? 'छान' म्हटलं नव्हतं मी."

"मग द्यायचीच कशाला माझ्या हातात सुई?" मी ओरडलोच. लाज वाटली की मला राग येतो, स्वभाव आहे. "डोळे दुखतायत म्हणालीस! हाकलायचं होतंस मला! रोज उसवत बसलीस, आधीच डोक्यावर एवढं काम, मला एका शब्दाने बोलली असतीस तर..."

ती कापडावरच्या खडूच्या रेघेकडे बघत राहिली. तिला असलं बोलायची सवय नाही. आम्हा दोघांनाही नाही.

"तुम्ही दिवसभर त्या खिळ्याकडे बघत बसायचात," ती म्हणाली. "मला भीती वाटायची. बाजारात गेले तरी अर्ध्या रस्त्यातून परत यायची, तुम्ही आहात ना घरात, ते बघायला. सुई दिली तर तुम्ही त्या संध्याकाळी गुणगुणलात. काय गुणगुणत होतात देव जाणे, तेही बेसूरच. पण गुणगुणत होतात. मग उसवायला असा कितीसा वेळ लागतो?"

मला रडू आलं. ह्यावर मी काहीतरी झकास बोलून दाखवलं असं तुम्हाला सांगायला आवडलं असतं, पण नाही बोललो. नुसता बसून रडलो, आणि ती येऊन शेजारी उभी राहिली, हाताचा खडू माझ्या शर्टाला लागला.

घड्याळाची चौकशी अजून चालू आहे. भत्ता अर्धाच आहे, वेळेवर येतो. माझं शिवणकाम हे काम नाही, असा सरकारी निकाल आता फायलीत असल्यामुळे ते करायला मला कुणाची आडकाठी नाही. रोज संध्याकाळी मी बसतो, काजं करतो, बटणं लावतो. ती बघते आणि "हं" म्हणते. मी गुणगुणतो. तयार कोट मात्र कुणालाही परस्पर देत नाही.

आणि सकाळी फिरायला जातो तेव्हा पुलापर्यंत जाऊन परत फिरायचो, तो आता पूल ओलांडून, पलीकडची शाळा, पाण्याची टाकी असं करत मोठी चक्कर मारून येतो. पाय दुखतात. पण तिला घाई व्हायला नको.